साडेनऊ हजारांच्या घरची म्हैस

मी एक उतरत्या वयाची म्हैस आहे, मित्रांनो. म्हातारी म्हणायचं काम नाही. माझी शिंगं अजून खांद्यापर्यंत येतात, आणि ती कशासाठी असतात हे बघायला जवळ आलेल्या माणसाला मी उत्तर दिल्याशिवाय परत पाठवलेलं नाही. शाळेत मी गेले नाही. शाळेच्या भिंतीला अंग मात्र पुष्कळ घासलं आहे, आणि भिंतीपलीकडून जेवढं कानावर पडलं तेवढ्यावर माझं भागलं. सध्या मी सिल्लोडला एका व्यापाऱ्याच्या परसात बांधलेली आहे. समोरची गव्हाण रिकामी आहे. भरल्या पोटी माणूस गोड बोलतो, जनावरही बोलतं. म्हणून म्हटलं, आजच सांगून टाकावं.

माझा जन्म पाचोडजवळच्या एका खेड्यातला. आई मराठवाडी म्हैस. बाप कोण, ते विचारू नका, रेड्यांमध्ये नाव लावायची पद्धत नाही. मी वगार झाले म्हणून जगले. माझ्या आधीचा भाऊ रेडा निघाला, तेव्हा त्याच्या वाट्याचं दूध माणसांनी काढून घेतलं आणि तो गोठ्याच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या वाळत गेला. तुम्ही चहा पिता ना? त्यात तो आहे. रडू नका, चहा थंड होईल.

मला वाढवलं केसरबाईनं. ही बाई उंचीनं माझ्या पाठीएवढी आणि आवाजानं माझ्या दुप्पट. तिचा आजा गावातली मेलेली ढोरं ओढायचा. धर्म बदलला त्या साली त्यानं दोर विहिरीत टाकला आणि पुन्हा ढोराच्या शेपटीला हात लावला नाही. केसरबाई हे प्रत्येकाला सांगायची, ज्याला ऐकायचं नसेल त्याला दोनदा. पुढं म्हणायची, "आज्यानं मेलेलं ढोर सोडलं. मी जितं पाळते. माझी पोरगी जित्यालाबी शिवणार नाय. ती खुर्चीत बसंल."

गावात आमचं दूध खपत नव्हतं. दूध माझंच, पण भांडं केसरबाईचं होतं, आणि हॉटेलवाल्याच्या गिऱ्हाइकांना ते भांडं चालत नव्हतं. बाईनं चार दिवस हॉटेलापुढं उभं राहून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पाचव्या दिवशी तिनं चूल मोडली, नवरा सांडू, लेक करुणा आणि मला बरोबर घेतलं आणि बजाजनगर गाठलं. कारखान्यांच्या वसाहतीच्या कडेला एक पत्र्याचं छप्पर मिळालं. अर्ध्यात ते तिघं, अर्ध्यात मी. माझ्या अर्ध्यात हवा जास्त होती.

तिथं दुधाचा रतीब सुरू झाला. पहिल्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या मालनबाईंनी पातेलं पुढं करता करता विचारलं, "आडनाव काय हो तुमचं?"

"माझं का म्हशीचं?" केसरबाईनं विचारलं.

मालनबाई हळूच म्हणाल्या, "नाही, आपलं सहज."

"म्हशीचं मराठवाडी. माझं तुम्हाला कळलं असंलच, म्हणून तर विचारलं. दूध घ्यायचं का पातेलं धुवायला आणलंय?"

मालनबाईंनी दूध घेतलं. घट्ट होतं. घट्ट दुधापुढं पुष्कळांची तत्त्वं पातळ होतात, हे मी त्या वसाहतीत शिकले.

माझं नाव बिजली. लाथ झाडायची सवय, म्हणून पडलं. माझी एक खोड तुम्हाला सांगितलीच पाहिजे. मला गोंजारलेलं आवडत नाही. केसरबाई धारेला बसली की पहिल्यांदा मला शिव्या द्यायची, "सटवे, गिळायला पुढं आन् द्यायला मागं, तुझ्या खानदानात कुणी तांब्या तरी भरला का?" ते ऐकलं की मला पान्हा फुटायचा. असं रोज नऊ लिटर दूध मी देत होते. माझ्या दुधावर छप्पर पक्कं झालं, सांडूला सायकल आली आणि करुणाची दहावी-बारावी झाली.

मग आला पहिला दुष्काळ. कडब्याचा शेकडा सोन्याच्या भावानं गेला, उसाचं वाढं ट्रकनं यायचं आणि गाडी उभी राहायच्या आत संपायचं. त्याच साली करुणाला कॉलेजात घातलं. शहराबाहेरच्या माळावर एक काचेची इमारत उभी राहिली होती. आदल्या साली तिथं मी चरत होते. माझी कुरणं गेली आणि तिथं इन्फर्मेशन सिस्टिमची डिग्री उगवली. बँकेतून कर्ज निघालं. केसरबाईनं कागदावर आपली तीन अक्षरांची सही अशी दाबून केली की खालच्या दोन कागदांवर उमटली.

मालनबाईंनी विचारलं, "काय शिकते म्हणे पोरगी?"

"सिस्टिम."

"म्हणजे काय?"

"माहिती. सगळी माहिती तिच्यापाशी राहणार. कोण दुधाचे पैसे दोन-दोन महिने बुडवतं, ती पण."

मालनबाईंनी त्याच दिवशी पैसे दिले. डिग्रीची ती पहिली कमाई. खरं सांगायचं तर पुढची कमाई बघता ती काही वाईट नव्हती.

करुणा पास झाली. केसरबाईनं वसाहतीत पेढे वाटले, माझ्या दुधाचे. मग पोरगी नोकरी शोधायला निघाली. पुण्याला दोनदा जाऊन आली. तिथं म्हणाले, अनुभव आणा. तिनं विचारलं, कुठून? ते म्हणाले, नोकरीतून. शेवटी वाळूजला एका ठेकेदारामार्फत काम लागलं. कारखान्याच्या फाटकापाशी काचेच्या खोलीत बसायचं, आणि गाडी आत आली, गाडी बाहेर गेली, हे कॉम्प्युटरवर लिहायचं. आमच्या गावात हे काम वेशीवरचा कुत्रा करायचा. तो भुंकायचासुद्धा, वरून फुकट.

पगार हातात साडेनऊ हजार. बँकेचा हप्ता सात हजार चारशे, आणि तो सात वर्षं.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण माझं वाटोळं इथून सुरू होतं. एका सकाळी मालनबाई पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लागली म्हणे करुणा. आमच्या हिमांशूला पुण्यात तीस देतात. हिला किती?"

केसरबाईचा हात माप ओतता ओतता थांबला. मी मान वळवून बघितलं.

"पंचवीस," ती म्हणाली.

मालनबाई गेल्यावर सांडू सायकलला कॅन अडकवत पुटपुटला, "अगं, साडेनऊ हाय ना?"

"मग? साडेनऊ सांगाया तीन वर्षं घातली का? साडेनऊ तर तुमच्या बहिणीचा पोरगा पंक्चर काढून मिळवतो."

"खरं ते खरं."

"खऱ्याला वाढं घाला आन् बघा खातंय का."

सांडू गेला. तो नेहमीच जायचा. चांगला माणूस होता, म्हणजे कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

पंचवीस हजार हा आकडा पायांनी चालतो, मित्रांनो. संध्याकाळपर्यंत तो वसाहतीत फिरला आणि पुढच्या बाजाराला पाचोडात पोचला. मग दुसरा दुष्काळ पडला, पहिल्याचा बाप. पाणी टँकरनं यायचं, आणि मी एक बादली प्यायले की सांडूचा चेहरा असा व्हायचा जसं मी त्याचं रक्तच प्यायले. कडबेवाला वर्षानुवर्षं उधारीवर देत होता. तो म्हणाला, "केसरबाई, घरात पंचवीस हजार येत्यात, आता उधारी शोभती का? रोख द्या." दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढवला तर मालनबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय कमी आहे हो? दोन रुपयांसाठी कशाला जीव टाकता?" केसरबाईचा चुलतभाऊ विहिरीच्या मोटारीसाठी पैसे मागायला आला, त्याला तिनं रिकामं पाठवलं, तेव्हा तो जाताना म्हणाला, "पैसा आला की माणूस बदलतो, अक्का."

तिनं फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की, साडेनऊ. दोन शब्दसुद्धा नाहीत. पण तोंडातून माझ्या वंशाचा उद्धार करणाऱ्या त्या बाईला तो एक शब्द काढता आला नाही. माझी वैरण निम्म्यावर आली. मी हाडावर आले. केसरबाईचा गर्व तेवढा तुकतुकीत राहिला, कारण त्याला माझ्या वाटणीचं मिळत होतं.

त्याच उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं केसरबाईला कावीळ झाली. दवाखाना झाला, दोन हप्ते थकले. ती आतल्या खाटेवर पिवळी होऊन पडली. सांडू धारेला बसला तर मी त्याची बादली पत्र्याला नेऊन आदळली. राहिली करुणा.

पहिल्या सकाळी ती आली. अंगात कंपनीचा सदरा, गळ्यात फोटोचा पट्टा. तो धारेत लोंबेल म्हणून तिनं पाठीवर टाकला होता. मऊ आवाजात म्हणाली, "बिजली, प्लीज."

मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. प्लीजवर जगणारी म्हैस अजून जन्मायची आहे.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रतीबवाल्यांची ओरड झाली. चौथ्या दिवशी करुणा बसली, बादली गुडघ्यात धरली, दात आवळले आणि म्हणाली, "सटवे! गिळायला पुढं आन् द्यायला मागं! बारा महिने आयतं खाती, तुझ्यापरीस माझी डिग्री बरी म्हणायची!"

शेवटचं तिचं स्वतःचं होतं. मला आवडलं. सरसरून पान्हा फुटला. ती हसायला लागली आणि हसता हसता आणखी दोन शिव्या दिल्या. पुढं तर अशी जीभ सुटली तिची की मला वाटलं, आता हिचं काही अडणार नाही जगात.

हे आत खाटेवर ऐकू गेलं. भिंत धरत धरत केसरबाई दारात आली. आपलाच आवाज पोरीच्या तोंडून ऐकून तिचा पिवळा चेहरा पांढरा पडला. करुणाच्या कोपरापर्यंत शेण होतं.

"ऊठ," ती म्हणाली.

"झालंच आई, दोन धारा राहिल्या."

"ऊठ म्हणते ना! हात धू. घासून धू. कंपनीत जायचंय."

करुणा उठली, पण हात धुवायला गेली नाही. पेंडीच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "आई, एक हिशोब मांडलाय. रागावू नको. बिजली वैरण, पेंड, पाणी सगळं जाऊन महिन्याला सात हजार हातात ठेवती. तेबी दुष्काळात. माझी डिग्री हप्ता आन् रिक्षा जाऊन किती ठेवती? तेराशे."

"म्हशीसंग सोताला तोलती? लाज नाय वाटत?"

"मी नाय तोलत. बँक तोलती. शिकवलं तेच करते ना मी, आत किती गेलं, बाहेर किती आलं. बचत गटातून अजून दोन म्हशी घेऊ. तीन झाल्या की वीस-एकवीस हजार. हप्ता फिटंल, उधारी फिटंल. रतीबाचं सगळं मोबाईलवर लावते मी, कोण बुडवतं कोण नाय. डिग्री वाया नाय जाणार."

"आन् नोकरी?"

"सोडते."

केसरबाई खाली बसली. मग म्हणाली, "आज्यानं दोर विहिरीत टाकला तवा घरात दाणा नव्हता. लोक म्हणाले, येड्या, पोटाला काय खाशील? त्यानं हिशोब केला आसता तर तू आज कुठं आसती, सांग."

"ते मेलेलं ढोर होतं आई. ही जिती हाय. दूध देती."

"माझ्यासाठी जिती हाय. तुझ्यासाठी मेलेली."

त्या दिवशी मला कळलं, मित्रांनो. मी दूध कमी देते म्हणून कुणी मला विकणार नव्हतं. मी डिग्रीपेक्षा जास्त कमावते, हा माझा गुन्हा होता. अशी म्हैस दारात असेल तर पोरगी खुर्चीत कशी बसेल? सांडूला केसरबाईनं सांगितलं की वैरण परवडत नाही, हप्ते थकलेत. माझ्याजवळ मात्र येऊन कपाळ खाजवत म्हणाली, "तू लई देती गं बाई. तेच वाईट केलंस."

रविवारी मायलेकींनी मला पाचोडच्या बाजारात उभं केलं. केसरबाईचं माहेर तिथंच, म्हणजे निम्मा बाजार नात्याचा. दुष्काळात सगळेच विकायला आलेले, घेणारे थोडे. जी येत होती ती जनावरं होती का खुंटीला टांगलेली कातडी, हे ओळखायला हात लावावा लागत होता. सिल्लोडचा व्यापारी पुंडलिक आला. त्यानं माझे दात बघितले, कास चाचपली, मी लाथ झाडली तेव्हा खूश झाला. मग खांद्यावरचं उपरणं काढून केसरबाईच्या हातावर टाकलं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. उपरण्याखाली बोटं धरून होतो, म्हणजे शेजारच्याला कळू नये. बोटं दाबत दाबत तो पन्नास हजारांवर आला.

"दुभती म्हैस कशापायी काढता, मावशी?"

इथं बाईनं गप्प बसायचं. पण भोवती माहेरची माणसं, चुलतभाऊ कान टवकारून उभा. ती मान ताठ करून म्हणाली, "पोरगी मोठ्या पगारावर हाय. दारात जनावर बरं दिसत नाय आता. नड म्हणून नाय विकत."

"किती पगार?"

"पंचवीस."

पुंडलिकनं एक बोट काढून घेतलं. "मग तुम्हाला दहा हजारांचं काय एवढं? चाळीसला सोडा. पुण्य लागंल."

स्वतःच्या जिभेनं केसरबाईनं माझे दहा हजार कापले होते.

तेव्हा करुणा पुढं आली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "काका, पंचवीस नाय. साडेनऊ हजार मिळत्यात मला. त्यातले सात हजार चारशे कर्जाला जात्यात. दोन हप्ते थकलेत. घरात नड हाय. नीट भाव द्या."

चुलतभावानं मान खाली घातली. कुणीतरी हसलं. केसरबाईनं पोरीकडं असं बघितलं, जणू पोरीनंच तिला भरबाजारात उघडं केलंय.

पुंडलिकनं करुणाकडं बघून मायेनं मान हलवली. "खरं बोललीस पोरी. खरं बोलणारं माणूस मला आवडतं." आणि उपरण्याखाली पुन्हा बोटं धरली. या वेळी त्यानं भाव तोंडानंही सांगितला, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "सदतीस."

"आत्ता तर चाळीस म्हणाला!" करुणा ओरडली.

"आत्ता तुम्हाला नड नव्हती ना, बाई. नड नसलेला माणूस म्हैस परत घेऊन जाऊ शकतो. नडलेला कुठं नेतो?"

असा न्याय असतो, मित्रांनो. तुमच्यापाशी आहे म्हटलं तर तुम्हाला कशाला हवं, आणि नाही म्हटलं तर मिळेल ते घ्या. पगार मोठा सांगितला त्याचे दहा गेले. खरा सांगितला त्याचे तीन.

सौदा झाला. विकणारा आपलं दावं देत नसतो, तशी रीत आहे. केसरबाईनं माझ्या गळ्यातलं दावं सोडलं आणि पुंडलिकनं स्वतःचं बांधलं. करुणानं नोटा मोजल्या नाहीत. नुसती म्हणाली, "पाच हप्ते, आई. बिजली म्हणजे पाच हप्ते."

"पाच तर पाच," केसरबाई म्हणाली.

"आन् सहाव्याला?"

करुणानं माझ्या मानेवर ठेवायला हात पुढं केला, तो केसरबाईनं मनगटाला धरून मागं ओढला.

"नको. वास लागंल. उद्या कामावर जायचंय."

इथं सिल्लोडला येऊन मला बरेच दिवस झाले. पुंडलिकला वाटलं होतं चार दिवसांत चांगल्या भावानं मला दुसरीकडं देईल. पण गिऱ्हाईक आलं नाही, वैरण महाग, मग त्यानं वैरणच बंद केली. वैरण बंद झाली तसं दूध आटलं. काल कुणाशी तरी फोनवर बोलत होता, "भाकड झाली. आता किलोवर जाईल." नऊ लिटर म्हणून मला मोजलं, पाच हप्ते म्हणून मोजलं, आता किती किलो भरते ते बघतील. त्यात दोष निघायचा नाही, काटा खरा असतो. खोटं माणसंच बोलतात.

तर मित्रांनो, तुम्ही शिका. तुमच्या आयांनी तुमच्यासाठी काय काय विकलं आहे ते विचारून शिका. घरात पगार येईल तेव्हा जेवढा येईल तेवढाच सांगा, थोडा असला तरी. फुगवलेल्या आकड्याचं पोट भरायला कुणाच्या तरी गव्हाणीतलं काढावं लागतं, आणि ज्याच्या गव्हाणीतलं काढता ते तुमच्याशी भांडायला येत नाही. दारात मुकं जनावर असेल तर त्याला वेळेवर वैरण-पाणी द्या. शिव्या दिल्या तरी चालतील, उपाशी ठेवू नका.

आणि तुमच्यापैकी कुणी बजाजनगरात राहत असेल, आणि वाळूजच्या फाटकापाशी काचेच्या खोलीत गळ्यात पट्टा घातलेली पोरगी गाड्या लिहिताना दिसली, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तुझा हिशोब बरोबर होता.

पण तिच्या आईसमोर सांगू नका.